रिपासिंग: पंधरा वर्षं झालेल्या गाडीचे कागद

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावी लागते, ही समजूत वऱ्हाडात चांगलीच मुरली आहे. अमरावतीच्या राजकमल चौकात विचारा नाहीतर अकोल्याच्या टॉवर चौकात, उत्तर बहुधा तेच मिळतं. या समजुतीपायी धडधाकट मोटारसायकली मातीमोल भावात जातात. दुसऱ्या टोकालाही माणसं आहेत. गाडी सतराव्या-अठराव्या वर्षात, कागदांची मुदत केव्हाच सरलेली, आणि त्यांना हटकलं तर म्हणतात, "गाडी चालून रायली नं, मंग कागद कायले पायजे?" चुकतात दोघंही. पहिल्याचं नुकसान चार-पाच हजारांचं असतं. दुसऱ्याचं किती होईल, हे अपघात होईपर्यंत कळत नाही.

आधी पहिल्या समजुतीचा उगम पाहू. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. बातमी आपल्याकडे पोचली, पण वाटेत 'दिल्लीत' हा शब्द गळाला. मग १३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राच्या वाहन भंगार धोरणाची घोषणा झाली. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना निघाली, की १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालणार नाही. त्यात राज्य परिवहनच्या बसगाड्याही आल्या. तहसील कार्यालयाची जीप निघाली, डेपोतली एसटी निघाली, तेव्हा आपली हिरो होंडाही निघणार असं लोकांनी गृहीत धरलं. प्रत्यक्षात अमरावती-अकोल्यातल्या खासगी गाडीला यातलं काहीही लागू नाही. भंगार धोरणही सक्तीचं नाही. नोंदणीकृत केंद्रात गाडी स्वतःहून मोडीत काढली, तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, एवढाच त्याचा अर्थ.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ४१ मध्ये खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षं ठरवली आहे. ती संपली की गाडी तपासणीला न्यायची. उतरली तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते. ती पाच संपली की पुन्हा पाच. असं किती वेळा करावं याला कायद्यात मर्यादा नाही. सरकारी भाषेत हे नोंदणीचं नूतनीकरण. गॅरेजवाल्यापासून एजंटापर्यंत सगळे त्याला रिपासिंग म्हणतात, आणि आपणही तेच म्हणू. परिवहन कार्यालय अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही. पहिल्याचा क्रमांक एमएच २७, दुसऱ्याचा एमएच ३०. अर्ज परिवहन खात्याच्या पोर्टलवर करून तपासणीची तारीख घ्यायची. त्यासाठीचा अर्ज म्हणजे नमुना २५. मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत तो भरता येतो, त्याहून आधी नाही.

खर्च किती, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. केंद्राने रिपासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढवली. मोटारसायकलला १,००० रुपये, तीनचाकीला २,५००, मोटारीला ५,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक पायरी आली: गाडीने वीस वर्षं ओलांडली असतील तर ही फी दुप्पट, म्हणजे मोटारसायकलला २,००० आणि मोटारीला १०,०००. यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात: पाच वर्षांसाठी दुचाकीला २,०००, पेट्रोल मोटारीला ३,००० आणि डिझेलला ३,५००. स्मार्ट कार्ड वगैरेचे किरकोळ पैसे सोडले, तर सोळाव्या वर्षात शिरणाऱ्या मोटारसायकलचा हिशेब ३,००० रुपयांवर येतो. साठ महिन्यांनी भागा, महिन्याला पन्नास रुपये पडतात. उशीर झाला तर मात्र दुचाकीला दरमहा ३०० आणि मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा. दोन वर्षं अंगावर काढलेल्या दुचाकीचं विलंब शुल्कच ७,२०० होतं. तेवढ्यात ती गाडी विकतही घेता येते, म्हणून मग मालक आरटीओचं नावच टाकतो. दंड एवढा वाढवला की माणूस कायद्याकडे परत येतच नाही, हे धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवं होतं.

तपासणीला लोक घाबरतात, ते बहुतेक ऐकीव गोष्टींमुळे. मोटार वाहन निरीक्षक इंजिन उघडून पाहत नाही. तो आधी गाडी तीच आहे का ते बघतो. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळला पाहिजे, आणि वऱ्हाडातल्या निम्म्या अडचणी इथेच निघतात. मोटारसायकलचा चेसिस नंबर हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. शेतातून येणारी गाडी पावसाळाभर काळ्या चिखलात लडबडते, टाकीवर खताचं पोतं आडवं टाकून नेलं जातं, सांडलेला ओलसर दाणा लोखंडाला खातो, आणि पंधरा वर्षांनी त्या आकड्यांच्या जागी नुसता गंज उरतो. कोणी तर हौसेने सगळ्या चेसिसला जाड रंग मारलेला असतो. तेव्हा तपासणीच्या आधी रॉकेलच्या बोळ्याने ती जागा हलक्या हाताने पुसा. घासकागद लावू नका. खरवडलेला नंबर दिसला की चोरीच्या गाडीचा संशय येतो, आणि तो संशय रास्त आहे. आकडे चोख दिसले की त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. हाच तो 'चेसिस प्रिंट', ज्याच्यासाठी एजंट वेगळे पैसे मागतो.

नंतर दिवे, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, ब्रेक, टायर, सायलेन्सर, नंबरप्लेट. रंग आरसीत लिहिला आहे तोच हवा. काळी गाडी मुलाने लाल करून घेतली असेल तर तो बदल आधी नोंदवावा लागतो. फटाके फोडणारा सायलेन्सर काढून मूळचा बसवा. टायर मात्र मनावर घ्यावेत असे. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन त्याच्या बाजूंना बारीक भेगा पडतात. रोज चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, ते वाळतात. मालकाला वाटतं टायर नवाच आहे.

त्यात रस्ता बदलला. अमरावती-अकोला हा पूर्वीचा सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. कित्येक वर्षं तो खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि तिची गिनीज विक्रमात नोंद झाली. खड्डे होते तोवर जुनी गाडी चाळीसच्या वर जात नव्हती. आता तीच गाडी, त्याच झिजलेल्या ब्रेकवर, सत्तरने जाते.

माझ्या मते पंधरा वर्षं ही मुदत कमी नाही, फार जास्त आहे. जपानमध्ये नवी मोटार तिसऱ्या वर्षी तपासणीला जाते आणि नंतर दर दोन वर्षांनी. ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांच्या गाड्यांपासून तपासणी सुरू झाली. काही वर्षांतच ती अट तीन वर्षांवर आली, आणि तीन वर्षांवरची गाडी आजही दरवर्षी तपासली जाते. आपल्याकडे ऑटो, ट्रक, काळीपिवळी अशा भाड्याच्या गाड्यांना हा नियम आहे: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस. खासगी गाडीला मात्र शोरूममधून निघाल्यापासून पंधरा वर्षं कोणी जाणकार हात लावत नाही. मधल्या काळात उरतं ते पीयूसी, आणि ते फक्त धूर मोजतं. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षाची मुदत, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची. ब्रेक लागतो का, हे त्या यंत्राला कळत नाही. म्हणून रिपासिंग ही कटकट वाटली तरी खासगी गाडीच्या नशिबातली ती पहिली खरी तपासणी असते.

आता "कागद कायले पायजे" म्हणणाऱ्यांकडे वळू. चौकातला पोलीस पकडेल, हजार-दोन हजार जातील, एवढाच त्यांचा हिशेब असतो. खरा धोका विम्याच्या बाजूला आहे. विम्याचा हप्ता फोनवरून भरता येतो. भरताना आरसीची मुदत कोणी विचारलीच पाहिजे असं नाही, त्यामुळे माणसाला वाटतं विमा चालू आहे, मग झालं. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला २०१४ चा. एका पिकअप गाडीची तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ रोजी संपली, तीन आठवड्यांनी, २ फेब्रुवारीला अपघात झाला. विमा चालू होता, तरी नुकसानभरपाई नाकारणं न्यायालयाने योग्य ठरवलं. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणं हाच विमा कराराचा मूलभूत भंग, असं ते म्हणालं. दुसरा सप्टेंबर २०२१ चा. त्यात अपघातही नव्हता. नव्या बोलेरोची तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ ला संपली, आणि नऊ दिवसांनी ती जोधपूरहून चोरीला गेली. तिथेही दावा फेटाळला गेला. हे दोन्ही दावे तात्पुरत्या नोंदणीचे होते, हे खरं. पण तत्त्व सांगितलं ते वैध नोंदणीबद्दल, आणि पंधरा वर्षं उलटून गेलेल्या आरसीला विमा कंपनीचा वकील तेच तत्त्व लावणार.

दुसऱ्याला इजा झाली तर प्रकरण जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातं. जखमी माणसाची भरपाई अडू नये असा कायद्याचा कल आहे, आणि तो योग्यच आहे. चालकाकडे चालू लायसन नव्हतं असं सिद्ध झालं, तर न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावू शकतं आणि मग तेच पैसे मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालानंतर ही रीत रूढ झाली. वसुली होते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. ज्याच्या नावावर चार एकर आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

लायसनचा उल्लेख आलाच आहे. इथे एक गोंधळ १ सप्टेंबर २०१९ पासूनचा आहे. त्याआधी खासगी गाडीचं लायसन वीस वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत चालायचं. आता तिशीच्या आत काढलेलं लायसन चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नास वयात काढलेलं किंवा वाढवलेलं दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यानचं साठीपर्यंत. आणि पुढे दर पाच वर्षांनी. जुन्या लायसनवर जी तारीख छापली आहे तीच खरी. २००५ च्या आसपास कॉलेजात असताना ज्यांनी लायसन काढलं, त्यांची वीस वर्षं आत्ता भरत आली आहेत किंवा भरली आहेत. ही पिढी बेसावध आहे, कारण तिने लायसन एकदाच काढलं आणि पाकिटात ठेवून दिलं.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. संपल्यावर एक वर्षाच्या आत केलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. वर्ष उलटलं की आठ काढून दाखवा. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवस लायसन चालू धरत, ती सवलत २०१९ मध्येच गेली. म्हणजे आज रात्री बारा वाजता संपलेलं लायसन उद्या सकाळी रस्त्यावर निरुपयोगी. त्या वर्षभरात चाचणीची सूट आहे, गाडी चालवण्याची नाही. हा फरक भल्याभल्यांना ठाऊक नसतो.

चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, नमुना १-अ. त्यातले प्रश्न वाचनीय आहेत: लख्ख उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, हॉर्न ऐकू न येण्याइतका बहिरेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का. बऱ्याच ठिकाणी हे प्रमाणपत्र माणसाकडे न बघताच सही होऊन मिळतं. तसं करू नका. मोतीबिंदू पिकत आला असेल तर तो आरटीओत कळण्यापेक्षा डॉक्टरकडे कळलेला बरा.

रिपासिंगला गेल्यावर कित्येकांना कळतं की गाडी त्यांची नाहीच. चालवतात पंधरा वर्षं, पण आरसीवर नाव वडिलांचं, आणि वडील जाऊन सहा वर्षं झाली. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तेवढे तीन महिने ती गाडी वापरता येते. आपल्याकडे शेताच्या फेरफारासाठी माणूस तलाठ्याच्या दारात चपला झिजवतो, गाडीचा फेरफार मात्र कोणाच्या डोक्यातही येत नाही. भावंडांच्या संमतीचे कागद गोळा करणं वेळ गेल्यावर किती अवघड होतं, ते वेगळं सांगायला नको.

तीच गत बोजाची. कर्ज काढून घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढतं. शेवटचा हप्ता भरला की बँक ना-हरकत पत्र देते, ते कपाटात जातं, आणि आरसीवरचा बोजा तसाच राहतो. गाडी विकताना किंवा आरसीची दुय्यम प्रत काढताना तो आडवा येतो. तोवर ती फायनान्स कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते आणि गावातली शाखा बंद. कर्ज फिटल्या महिन्यातच नमुना ३५ भरून बोजा उतरवून घ्या.

अकोल्याहून बदली होऊन अमरावतीत आलात तर एमएच ३० चा नंबर बदलावा लागत नाही. राज्यातल्या राज्यात फक्त पत्ता बदलायचा, तोही तीस दिवसांत. परराज्यातल्या गाडीचं वेगळं. दिल्लीतल्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्तात घेऊन इकडे आणण्याचा धंदा चालतो. अशा गाडीला तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र हवं, इथला कर भरावा लागतो, आणि बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. हा सगळा खर्च मिळवला की स्वस्त गाडी फारशी स्वस्त उरत नाही.

ट्रॅक्टरबद्दल थोडक्यात. शेतीचा ट्रॅक्टर नियमात बिगर-परिवहन वाहन आहे, म्हणून त्यालाही पंधरा वर्षं आणि पुढे पाच-पाच. ट्रॉलीची नोंदणी वेगळी. कापसाच्या हंगामात रात्री जिनिंगच्या वाटेवर मागे एकही लाल पट्टी नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, आणि त्यांच्यावर मागून आदळून माणसं मरतात. तिथे कागदांआधी दहा रुपयांची परावर्तक पट्टी लावा.

जुन्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट हवी, हे आता बहुतेकांना माहीत झालं आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, मोटारीला ७४५, वर जीएसटी. राज्याने तिची मुदत २०२५ मध्ये पुनःपुन्हा वाढवली, म्हणून लोक निवांत राहिले. रिपासिंगची तारीख घेण्याआधी ती लावून घ्या, विमा आणि पीयूसी चालू करा, राहिलेली ई-चलानं भरा. यातलं एक राहिलं तरी गाडी घेऊन परत यावं लागतं.

शेवटी तारखेविषयी. वऱ्हाडात गाडी घ्यायचा मुहूर्त म्हणजे दसरा. त्यामुळे पंधरा वर्षंही दसऱ्याच्याच सुमाराला भरतात, जेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि कोणालाच आरटीओत जायला सवड नसते. म्हणून अर्ज पोळा आटोपला की भरून टाका; साठ दिवसांच्या आत असल्याने तो घेतला जातो. आणि मोजायची ती तिथी नाही, आरसीवरची इंग्रजी तारीख. २०११ चा दसरा ६ ऑक्टोबरला होता, २०२६ चा २० ऑक्टोबरला आहे. दसऱ्याला घेतली म्हणून दसऱ्याला रिपासिंग करू म्हणाल, तर दोन आठवड्यांचा उशीर झालेला असेल. आणि विलंब शुल्काच्या हिशेबात महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात.